डोक्यावरचं अस्तर

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारच्या उन्हात लक्ष्मी रोडवरून गाडी काढत असताना माझ्या टकलावर काहीतरी मऊ आणि कोमट येऊन टेकलं. आधी वाटलं, मागच्या सीटवरून आईनं हात ठेवला. आरशात पाहायला गेलो तर आरशात आईही नाही आणि मागची वाहतूकही नाही. नुसतं पांढरट रेक्झिन. आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या छताचं अस्तर शिलाईत उसवून झोळीसारखं खाली आलं होतं. मागच्या बसचा हॉर्न थांबेना. डाव्या हातानं झोळी वर धरावी, तर पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगलाच, आणि तोही डाव्या हाताचा. शेवटी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्रींनी आपली काठी मागून उभी केली आणि तंबूच्या खांबासारखी ती झोळी तोलून धरली. तशा अवस्थेत आम्ही अलका चौकापर्यंत आलो. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचा मुलगा आत डोकावून पाहत होता. त्याला नेमकं काय वाटलं असेल कोण जाणे.

ही गाडी माझ्या वडिलांची. अण्णा पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. पाच वर्षं नंबर लावून १९८४ साली त्यांना ती मिळाली. २००९ साली ते गेले आणि गाडी माझ्याकडे आली. मी बँकेतला माणूस. घसारा लावता लावता एखादी वस्तू पुस्तकात नाममात्र एक रुपयाला येऊन थांबते, तशी ही आमच्या घरात केव्हाच येऊन थांबली होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पुन्हा नोंदणी, तपासणी, वर हरित कर. २०२२ च्या एप्रिलपासून तर पुनर्नोंदणीची फी सहाशेवरून एकदम पाच हजार झाली. जावईबापू दर दिवाळीला विचारतात, "बाबा, काढून का टाकत नाही?" मी दर दिवाळीला म्हणतो, "बघू."

छत हा शब्द आपल्याकडे मुळात कापडाचाच. वाड्यांतल्या माजघरात, देवघरात माळ्यावरची माती अन् कचरा खाली पडू नये म्हणून आढ्याखाली कापड ताणून बांधत, त्याला छत म्हणत. गणपतीच्या मखरावर अजूनही झालरीचं छत बांधतात. गाडीतलं अस्तर हे त्याचंच भावंड. बग्गी बनवणाऱ्या कारागिरांकडून ते मोटारीत आलं. ते नसेल तर काय होतं हे मला गाडी उघडी पडली तेव्हा कळलं. टपाचा पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो आणि ती धग सरळ डोक्यात उतरते. पाऊस पडला की आत ताशा वाजतो. हिवाळ्यात पहाटे पत्र्याला आतून दव धरतं आणि थेंब मानेवर पडतात. शोभा हा अस्तराचा शेवटचा उपयोग, पण आपण विचार तेवढ्याचाच करतो.

मला मात्र छताकडे बघायची सवय फार जुनी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईच्या एका शाखेत होतो आणि कर्जावर दिलेल्या टॅक्सींची पाहणी माझ्याकडे होती. त्या वेळी मुंबईची टॅक्सी म्हणजे जवळजवळ पद्मिनीच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडायची. आधी ती फियाट ११०० डिलाइट होती, मग प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. टॅक्सीवाल्यांना छताची फार हौस. फुलाफुलांचं, वेलबुट्टीचं, लाल-सोनेरी, मखमलीसारखं दिसणारं. गिऱ्हाईक मागे रेलून बसलं की त्याला दुसरं दिसतंच काय? मी गाडीत बसलो की इंजिनाच्या आधी वर पाहायचो. टायर नवे दाखवता येतात, बॉनेट पुसून ठेवता येतं. पण छताच्या कोपऱ्यात पाणी मुरल्याचा डाग असला, शिलाई सुतळीनं बांधली असली, की समजायचं, या माणसाचे दिवस ओढीचे चाललेत, हप्ता थकणार. हा नियम बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात नव्हता, आणि दोनदा त्यानं मला सपशेल तोंडघशीही पाडलं. पण एकूण हिशेबात तो बरा ठरला.

त्या टॅक्सींपैकी शेवटची, २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली, वीस वर्षांची मर्यादा भरून २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस रस्त्यावरून गेली. त्याआधी २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' नावाचा एक सुंदर उपक्रम काही तरुण चित्रकारांनी केला होता. मुंबईच्या टॅक्सींची छतं आणि सीटा त्यांनी स्वतः रेखाटलेल्या कापडांनी मढवल्या. वाचून मला आपली पाहणीची वही आठवली. आमच्या वेळी हे असतं तर मी शेरा काय लिहिला असता?

असो. माझ्या छताकडे येण्याआधी एक कबुली द्यायला हवी. गाडीचं अस्तर उतरलं की ते कसं दुरुस्त करू नये, याचा धडा मी आधीच गिरवलेला होता, आणि तोही मुलीच्या गाडीवर.

तिची गाडी २००६ सालची. त्या पिढीच्या आणि पुढच्या बहुतेक गाड्यांत अस्तर टांगलेलं नसतं. छताच्या आकाराचा एक दाबून बनवलेला पुठ्ठा असतो, त्यावर फोमचा पातळ थर आणि फोमवर कापड. बारा-पंधरा उन्हाळ्यांनंतर कापड पोट सुटल्यासारखं खाली येतं. आपल्याला वाटतं, डिंक सुटला. मलाही तसंच वाटलं. मी इंजेक्शनची सिरिंज आणली, तिच्यात सोल्यूशन भरलं आणि वीसेक ठिकाणी टोचून कापड वर दाबून बसवलं. आठ दिवस मी जावयांसमोर रुबाबात होतो. नवव्या दिवशी गाडी उन्हात उभी राहिली आणि कापड पुन्हा खाली आलं, या वेळी वीस तपकिरी डागांसह.

खरा गुन्हेगार डिंक नव्हताच. उष्णतेनं आणि दमटपणानं फोमच कुजतो. बोट फिरवलं की त्याची नारिंगी-तपकिरी भुकटी होते. कापड त्या भुकटीला चिकटलेलं, भुकटी कशालाच चिकटलेली नाही. तिथं कितीही सोल्यूशन ओता, ते धुळीलाच लागतं. वाळूच्या पायावर गिलावा करण्यातला प्रकार. उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. दिवा, हँडलं, सनव्हायझर काढून अख्खा पुठ्ठा गाडीबाहेर घ्यायचा, न मोडता. मागच्या दारातून तो तिरका करून काढावा लागतो आणि तिथंच निम्म्या लोकांचा पुठ्ठा दुमडतो. मग जुनं कापड ओढून काढायचं आणि पुठ्ठ्यावरची फोमची भुकटी मऊ ब्रशनं शेवटच्या कणापर्यंत झाडायची. तोंडाला फडकं बांधून; मी बांधलं नव्हतं आणि दोन दिवस नारिंगी शिंकत होतो. नंतर फोम लावलेलंच नवं कापड घ्यायचं, उष्णता सोसणारं सोल्यूशन पुठ्ठ्याला आणि कापडाला दोन्हीकडे लावायचं, बोटाला चिकट लागेल पण ओलं लागणार नाही इतकं सुकू द्यायचं, आणि मधोमध टेकवून तळहातानं कडेकडेला सारत न्यायचं. पोळपाटावरची पोळी सरकवतो तसं. एकदा चिकटलं की पुन्हा उचलता येत नाही. नवीन गाड्यांत आणखी एक सांभाळायचं. ज्यांना बाजूच्या पडद्याच्या एअरबॅग असतात, त्यांच्या त्या पिशव्या छताच्या कडेला अस्तरामागेच दडवलेल्या असतात. तिथं चौकातल्या कुणालाही पाना लावू देऊ नये.

पद्मिनीचं प्रकरण वेगळं. तिथं पुठ्ठा नाही, फोम नाही. तिचं अस्तर अक्षरशः शिवलेलं आणि टांगलेलं असतं. रेक्झिनचे पट्टे एकमेकांना जोडून त्या प्रत्येक जोडावर, उलट्या बाजूनं, परकराला असतो तसा नेफा शिवतात. नाडीऐवजी त्यात पोलादी सळई ओवायची. सळईला कमानीसारखा बाक दिलेला असतो आणि तिची दोन्ही टोकं छताच्या कडेच्या भोकांत बसतात. अशा कमानींवर अस्तर तोललेलं. कडा पत्र्याला सोल्यूशननं चिकटवून दारांच्या बीडिंगखाली आणि पुढच्या-मागच्या काचांच्या रबराखाली सारलेल्या. म्हणजे हे काम नीट करायचं तर दोन्ही काचा उतरवाव्या लागतात. काचा न उतरवता कड वरच्या वर रबरात खुपसून देणारे कारागीर भेटतात. ते पैसे कमी घेतात आणि पहिल्या पावसात कड बाहेर येते.

मला नाना पेठेतल्या एका बोळात हवा तसा मिस्त्री भेटला. वय माझ्याच आसपास. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, भिंतीला रेक्झिनचे रूळ आणि समोर एक गाडी उभी राहील एवढी जागा. आता बहुतेक काम सीट कव्हरांचं, तीही तयार मापाची येतात. त्यानं गाडीत बसून वर पाहिलं, बोटानं दोन ठिकाणी दाबलं आणि म्हणाला, "साहेब, शिवून देऊ का नवं करू?"

"शिवून चालेल?"

"शिवतो. पण टाका धरायला कापडात जीव पाहिजे. हे पापड झालंय."

रेक्झिनला मऊ ठेवणारं जे द्रव्य असतं ते वर्षानुवर्षांच्या उन्हानं निघून जातं. मग ते कडक होतं आणि आकसतं. आकसलं की ताण शिलाईवर येतो आणि सुईच्या भोकांच्या रांगेवरच ते फाटतं, टपालाची तिकिटं फाडतो तसं. त्यावर पुन्हा सुई चालवणं म्हणजे आणखी भोकं पाडणं. मी नवं करायला सांगितलं. दोन दिवस, सहा हजार आठशे रुपये, काचा उतरवण्यासकट. आईला विचारलं तर म्हणाली, "कर. डोक्यावर आलेलं काय ठेवायचं?"

काम बघायला मी दोन्ही दिवस स्टूल टाकून बसलो. कमानी काढताना मिस्त्री प्रत्येकीवर खडूनं आकडा टाकत होता आणि पुढची बाजू कोणती याची खूण करत होता. सगळ्या सारख्या दिसतात, पण प्रत्येकीचा बाक वेगळा. अदलाबदल झाली की छत कुबडं दिसतं. अस्तर निघाल्यावर उघडा पत्रा दिसला. मागच्या डाव्या कोपऱ्यात गंज होता. त्यानं तो घासून काढला, रंग लावला आणि दुपारभर वाळू दिला. मी थर्माकोल किंवा गोणपाटाचं काही लावूया का म्हणालो, तर त्यानं मान हलवली. पाणी पिणारं काहीही वर ठेवायचं नाही. एकदा ओलं झालं की पत्रा आतून जातो आणि आपल्याला कळत नाही. पाणी न शोषणारा पातळ फोमचा पत्रा त्यानं टपाला चिकटवला.

नवं कापण्यासाठी माप घ्यायचं ते जुन्याचंच. त्यानं जुनं अस्तर सगळं उसवलं आणि दुकानाच्या फरशीवर पट्टा पट्टा अंथरला. नव्यावर ठेवून रेघ मारायची आणि कडेनं चार बोटं जास्त ठेवायची. तिथंच त्याचा हात थांबला.

"साहेब, गाडी कोण चालवायचं?"

"वडील."

"सिगरेट ओढायचे."

मी म्हणालो, "सोडली होती. एकोणनव्वद सालीच."

तो काही बोलला नाही. पुढच्या पट्ट्यावर, ड्रायव्हरच्या डोक्यावर येईल तिथं, ताटाएवढा पिवळा-तपकिरी डाग होता. सनव्हायझर ज्या भागावर दुमडलेला राहायचा तेवढा चौकोन पांढरा होता. बाकी पट्टे मळलेले होते, पण पिवळे नव्हते. डागाच्या मधोमध रेक्झिनची वरची साय निघून आतलं कापड दिसत होतं. फाटायला सुरुवात तिथूनच झाली होती. मिस्त्रीनं नख फिरवून पाहिलं. "इथं कोणीतरी घासलंय. सोड्यानं. पुष्कळ वर्षं."

मी जन्मभर लेखापरीक्षणाची कागदपत्रं वाचली. अण्णांच्या फायलीत या गाडीचं प्रत्येक बिल तारीखवार लावलेलं आहे, हे मला पाठ होतं. काचेच्या रबरातून पाणी येऊन मूळचं अस्तर खराब झालं होतं आणि त्यांनी ते बदलून घेतलं होतं. ते बिल १९९२ चं. म्हणजे हा डाग पडला तो १९९२ नंतर. छातीत कळ येऊन रुग्णालयात राहून आले, डॉक्टरांसमोर पाकीट माझ्या हातात दिलं, त्याला तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती. आणि दर रविवारी सकाळी अण्णा एकटे गाडी काढायचे. "बॅटरी उतरते, जरा कात्रजपर्यंत जाऊन येतो." मी कितीदा म्हटलं असेन, मी येतो बरोबर. ते म्हणायचे, तू झोप, आठवडाभर बँकेत राबतोस.

संध्याकाळी घरी आलो. आई वाटाणे सोलत बसली होती. सांगावं की नाही, याचा मी रस्ताभर विचार केला होता आणि न सांगायचं ठरवलं होतं. पण तिनंच विचारलं, "जुनं कापड त्यानं बघितलं का रे?"

"बघितलं."

"डाग गेला नाहीच ना शेवटी."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती सांगू लागली. आठवड्याला एकच ओढत. पाकीट गाडीतच, सीटखालच्या पान्यांच्या पिशवीत. ती मोजायची. दर दिवाळीच्या आधी गाडी आतून पुसायच्या निमित्तानं ती धुण्याचा सोडा घेऊन छत घासायची, मी सुटीला घरी यायच्या आत. मी पाहिलं असतं तर अण्णांना बोललो असतो आणि मग घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नसतं. तिचं म्हणणं बरोबर होतं. मी बोललोच असतो.

"त्यांना माहीत होतं? तुला कळलंय ते?"

"छत दरवर्षी कोण पुसतं, हे का त्यांना कळत नव्हतं? पण ह्यांनी कधी विषय काढला नाही आणि मीही नाही." ती थोडा वेळ वाटाणे सोलत राहिली. मग हात थांबवून म्हणाली, "चुकलं का रे माझं? तेव्हाच अडवायला हवं होतं का?"

अण्णा गेले ते दुसऱ्या झटक्यानं. पहिल्यानंतर वीस वर्षांनी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. आठवड्याला एक, म्हणजे वर्षाला बावन्न. मी मनातल्या मनात गुणाकार करू लागलो आणि माझी मलाच लाज वाटली. बँकेत माझ्यासमोर बसून लोक असे प्रश्न विचारत, मुलाला जामीन राहिलो ते चुकलं का, घर गहाण टाकलं ते चुकलं का, तेव्हा माझ्याकडे नेहमी काहीतरी उत्तर असायचं. आईला मी एवढंच म्हणालो, "वीस वर्षं मिळाली ना त्यांना." तिनं होकार दिला नाही की नकार दिला नाही. वाटाण्यांची परात घेऊन आत गेली आणि आतून विचारलं, "नव्याचा रंग कुठला घेतलास?"

दुसऱ्या दिवशी अस्तर चढलं. शिवलेलं रेक्झिन मिस्त्रीनं आधी तासभर उन्हात पसरून ठेवलं. तापलं की ते सैल होतं, आणि चढवल्यावर निवताना स्वतःच ताणून बसतं. सगळ्या कमानी नेफ्यांत ओवून त्यानं मधली आधी उभी केली, मग एक पुढची, एक मागची, अशा आळीपाळीनं. नंतर पुढची कड, मागची कड, शेवटी बाजू. चिमट्यांनी धरायचं, ओढायचं, पुन्हा सोडायचं. सोल्यूशन लावताना चारही दारं उघडी. त्याचा पोरगा विडी पेटवू लागला तर मिस्त्रीनं त्याला बोळाच्या टोकापर्यंत हाकललं. सोल्यूशनची वाफ भडका घेते. दिव्याचं भोक त्यानं सगळ्यात शेवटी पाडलं, अधिक चिन्हाएवढा छोटा छेद देऊन. आधी पाडलं तर ताणताना ते सरकतं आणि दिवा एका बाजूला जातो. मग काचा बसल्या, रबर बसलं, आरसा लागला. आरशातून मागचा बोळ स्वच्छ दिसला.

जुनं अस्तर त्यानं गुंडाळून डिकीत ठेवलं होतं. मी ते माळ्यावर टाकणार होतो. आई म्हणाली, "टाकून दे. घरात वास येईल." सोमवारी घंटागाडीत दिलं. बिल अण्णांच्या फायलीत लावलं.

आठ दिवस गाडीला सोल्यूशनचा वास होता, काचा उघड्या ठेवून मी ती उभी करायचो. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मध्येच खाली जाऊन चारही कोपऱ्यांत तळहात फिरवून पाहिला. कोरडे होते. फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यात, गंज काढला होता तिथं, एक सुरकुती राहिली आहे. मिस्त्री म्हणाला होता, वैशाखाच्या उन्हात आपोआप जाईल. २०२५ चा वैशाख होऊन गेला, ती अजून आहे. आई तिच्या बरोबर खाली बसते आणि म्हणते की तिला ती दिसत नाही.